पोल्ट्रीतले पेंटर

आमच्या पोल्ट्रीतल्या कोंबड्या गेल्या आणि पेंटर आले. मधे एखादा पावसाळा गेला असेल नसेल. कोंबड्या मानमोडीच्या साथीनं गेल्या; त्यांच्यासोबत माझं कारखानदार व्हायचं स्वप्नही खड्डा खणून, वर चुना टाकून पुरलं. बायको अजून म्हणते, "कोंबड्या शहाण्या. तुमचा धंदा वळखला आन् येळेत सुटल्या." कोंबड्यांची गोष्ट मुलांना मी इतक्यांदा सांगितली आहे की मी तोंड उघडलं की धाकटी पुढचं वाक्य म्हणते. पेंटरांची गोष्ट निघाली की मात्र तीही गप्प बसते. म्हणून म्हटलं, ही एकदा लिहूनच काढावी.

तर शेड रिकामी होती. पिंपळवंडीच्या रानात, उसाच्या बांधाला लागून, मालगाडीचा डबा सोडून द्यावा तशी लांबलचक. खाली कोबा, वर पत्रा, दोन्ही अंगांना जाळी आणि जाळीवर गोणपाटाचे पडदे. गार वारं सुटलं की दोरी सोडून पडदे खाली घ्यायचे, ऊन चढलं की वर ओढायचे. नव्वद साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. एके सकाळी लुनावरून एक गृहस्थ आले. उंच, काटकुळे, एका गालाची दाढी केलेली आणि दुसऱ्याची राहिलेली. (दाढी करतानाही ते मधेच उठून जात, हे पुढं कळलं.) राम राम नाही, पाणी नाही. थेट शेडमध्ये गेले आणि वर बघत उभे राहिले.

"हे पडदे सगळे वर होतात?"

"व्हतात की."

त्यांनी एकेक दोरी ओढून सगळे पडदे वर केले. मग अर्धे खाली. मग परत वर. आईनं आणलेला चहा गार झाला, त्यावर साय धरली. हा माणूस कोंबड्या पाळणार असं समजून, आपल्यासारखाच आणखी एक बुडू नये म्हणून मी प्रामाणिकपणे सांगितलं, "भाऊ, वास जात नाय हो ह्याचा."

"वास चित्रात येत नाही," ते म्हणाले. "घेतो, मालक."

आयुष्यात मला मालक म्हणणारा हा एकच माणूस. घरात ते पद पहिल्यापासून आईकडे होतं. वडीलही तिला विचारून खोकायचे.

ते मूळचे आंबेगावातल्या लोणीचे. मुंबईला चित्रकलेच्या शाळेत शिकले, तिथंच जाहिरातीच्या कंपनीत काही वर्षं काढली, चित्रं गॅलरीत लागायला लागली तशी नोकरी सोडली. मुंबईत भाड्याच्या खोलीत त्यांच्या चित्रांना मागं सरकून बघायला जागा नव्हती. मग गावालाच का नाही गेले, असं मी विचारलं. म्हणाले, "गावात सगळे विचारणार, लग्न कधी, वाटणी कधी. हे बरं आहे. नातेवाईक रोज येणार नाहीत इतकं लांब, आणि भाकरी तशीच मिळेल इतकं जवळ."

भाकरी मात्र त्यांनी कधी बसून खाल्ली नाही. हातावर भाकरी, भाकरीवर पिठलं, आणि चित्रापुढं फेऱ्या. शेडच्या या टोकाकडून त्या टोकाला चालत जायचे, मधेच गर्रकन वळून चित्राकडे बघायचे, जणू पाठ फिरवल्यावर ते काही लबाडी करतंय आणि ह्यांना ते पकडायचंय. कधी पाठ करून, खाली वाकून, दोन पायांमधून बघायचे. आमची म्हैस बुजायची ती त्यामुळंच. चप्पल एक शेडमध्ये, एक विहिरीवर. रंग वाळेपर्यंत यांना धीर धरवत नसे, म्हणून संध्याकाळी कालव्याच्या कडेनं चालत सुटायचे. त्या वर्षांत आमच्याकडे उसात बिबट्या निघायला लागला होता. दिवस मावळायच्या आत माणसं दारं लावून घेत. आईनं ओरडून सांगितलं, "पेंटर, वाघरू हाय रानात!" तेव्हापासून ते रंगाचा रिकामा डबा ब्रशच्या दांड्यानं बडवत फिरू लागले. बिबट्यानं आमच्या बांधाकडं कायमची पाठ फिरवली, ती मला वाटतं त्या आवाजाला कंटाळूनच.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. कुणीही चित्र बघून "झकास झालं" म्हटलं की लगेच, "बसलं नाही अजून." चित्र बसणं म्हणजे काय, हे त्यांनी मला पुष्कळदा समजावलं. मी पुष्कळदा मान डोलावली.

गावाच्या लेखी ते पेंटर, म्हणजे नंबरप्लेट रंगवणारे. माझ्या चुलतभावानं, दत्तूनं, नवी ट्रॉली घेतली तेव्हा तो सरळ शेडवर आला. "पेंटर, मागच्या फाळक्यावर दोन मोर टाका आन् मधी 'आईची पुण्याई'. पैशाचं बोला." पैशाचं काही न बोलता पेंटरांनी एका दुपारीत असे मोर काढले की दत्तूची आई दृष्ट काढायला आली. झालं होतं, तेव्हाच ट्रॉली न्यायला हवी होती. दत्तू म्हणाला, रंग वाळू दे. दुसऱ्या दिवशी एका मोरानं मान फिरवली होती. तिसऱ्या दिवशी पिसारा मिटला. त्याच आठवड्यात कारखान्याची तोडणी सुरू झाली आणि दत्तू ट्रॉली न्यायला आला, तर फाळक्यावर एकच मोर, तोही पाठमोरा.

"पेंटर, दुसरा मोर कुठं गेला?"

"तो तिथं बसत नव्हता, दत्तूभाऊ. उडाला."

"आवं, फाळक्यावरला मोर उडतोय व्हय?"

दत्तूनं ओल्या रंगासकट ट्रॉली जोडली आणि पळवली. पण पुढं कित्येक महिने पेंटर लुनावरून जाताना कुठंही ती ट्रॉली उभी दिसली की थांबायचे, खिशातून ब्रश काढायचे. शेवटी दत्तू ट्रॉली भिंतीला पाठ लावून उभी करायला शिकला. आमच्या गावात तशी उभी असलेली ती एकच ट्रॉली.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर त्यांनी आईला काढायला घेतलं.

टोमॅटोच्या हंगामात आमचा माल निवडायचं काम शेडच्या पुढच्या लिंबाखाली चाले. आई माल भरायचं प्लॅस्टिकचं कॅरेट उपडं घालून त्यावर बसून हिरवट एकीकडं, पिवळट एकीकडं, फुटका मागं, असं निवडत असायची. एक दिवस तिनं मान वर केली तर पेंटर जाळीतून तिच्याकडं बघत पुरुषभर उंच कापडावर कोळशानं रेघा मारताहेत.

"मला इचारलं का?"

"मावशी, तुम्ही निवडताना टोमॅटोला विचारता का?"

"टमाट्याला डोळं न्हाईत. मला हायेत."

पण ती बसली. खरं सांगायचं तर पुढं ती त्या कामाला जरा बरं लुगडं नेसून यायला लागली, आणि हे कुणी बोलून दाखवलं तर रागवायची. चित्रात आधी नुसती तिची पाठ आली. "पाठ काय काढता, पाठ समद्यांची सारखीच," ती म्हणाली. मग एका आठवड्यात ती वळली. हातात टोमॅटो, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून वर बघतेय. बायकोनं तोंडाला पदर लावला. मी, ज्याला चित्रातलं ओ की ठो कळत नाही, तोही निवडायचं सोडून जवळ गेलो. आई कितीतरी वेळ बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "ही माझ्या आयवाणी दिसती." आमच्या आजीचा एकही फोटो नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती चार बाया जमवून चित्र दाखवायला घेऊन गेली. कापडावर टोमॅटो होते, कॅरेटं होती, हात होता. तोंड नव्हतं.

"मी कुठं गेले?"

"आतच आहात, मावशी. वरून थोडा रंग आलाय."

"म्हंजी पुरली मला!"

त्या वर्षी आईचं तोंड किती वेळा आलं आणि किती वेळा गेलं, देव जाणे. सकाळी धार काढायच्या आधी ती शेडवर एक फेरी मारून यायची आणि आल्यावर नुसतं "आज हाय" किंवा "आज न्हाय" एवढंच सांगायची. 'आज न्हाय'च्या दिवशी आमटी खारट व्हायची. घरातल्या सगळ्यांचाच जीव खालीवर. वडील, जे कशातच बोलत नसत, ते एकदा मला गोठ्याआड घेऊन म्हणाले, "त्या माणसाला म्हणावं, एकदाच काय त्ये ठरीव. हितं माझ्या संसाराचा खेळ झालाय."

आणि अशा एका 'आज हाय'च्या दिवशी मुंबईच्या गॅलरीच्या मॅडम आल्या. पांढरी गाडी, सुती साडी, पायात कोल्हापुरी. शेडमधली सगळी चित्रं त्यांनी शांतपणे बघितली आणि आईच्या चित्रासमोर येऊन उभ्या राहिल्या त्या हलल्याच नाहीत. पेंटर तोवर तीनदा पडदे वर-खाली करून आले. हिवाळ्यात प्रदर्शन, असं ठरलं. निघताना मॅडमनी मला गाडीशी बोलावलं.

"तुम्हाला सांगून ठेवते. याआधी दोनदा असं झालंय. आमंत्रणं गेली, हॉल रिकामा ठेवला, आणि ह्यांनी ऐन वेळी सगळी चित्रं पुन्हा रंगवायला घेतली. भिंती तशाच राहिल्या. आता दुसरं कुणी ह्यांना तारीख देत नाही. मीही माझ्या भागीदारांशी भांडून दिलीय. या वेळी चित्रं आली नाहीत, तर यापुढं मला त्यांच्यासाठी काही करता येणार नाही."

मी संध्याकाळी पेंटरांना हे सांगितलं. वाटलं, उसळतील. ते उलट चक्क कोब्यावर बसले.

"माहीत आहे, मालक. मला का नको आहे प्रदर्शन? पन्नाशी आली. लोणीला गेलो की आई आधी विचारायची, तुझी चित्रं कुठं लागली रे? आता विचारत नाही. मलाच मेल्यासारखं होतं." मग म्हणाले, "पण बसलेलं नसताना देऊ कसं? तुम्ही फुटका माल भरता का कॅरेटात?"

"वरच्या थराला न्हाय भरत," मी खरं तेच सांगितलं.

ते हसले. त्यांना एवढं मोकळं हसताना मी फार कमी वेळा पाहिलं. आणि लगेच उठून चित्राकडं गेले.

पुढचे महिने आम्ही सगळे त्या माणसावर पाळत ठेवून होतो म्हटलं तरी चालेल. बायको जेवण घेऊन गेली की गप्पांत अडकवायची. दत्तू, ट्रॉली भिंतीला लावून, त्यांना तमाशाचा फड बघायला नारायणगावला घेऊन जायचा. मी रंगाच्या नळ्या लपवून बघितल्या. त्यांनी पायी जाऊन आळेफाट्याहून डिस्टेंपर आणला आणि एका चित्राचं अर्धं आभाळ त्यानं रंगवलं. त्यानंतर मी लपवालपवी सोडून दिली. कोंबड्यांना औषध पाजतानाही माझं असंच व्हायचं, मदतीनं रोग वाढायचा.

न्यायचा दिवस आला. जुन्नरच्या रफीकभाईंचा टेम्पो सांगितला होता. आमचा टोमॅटो वाशीला तेच न्यायचे. शेवटच्या आठवड्यात पेंटरांनी बहुतेक सगळ्या चित्रांवर कुठं ना कुठं हात फिरवला होता, त्यामुळं सगळी ओली. तेलाचा रंग थंडीत लवकर वाळत नाही. एकाला एक चिकटू नये म्हणून मधे रिकामी कॅरेटं उभी लावून, सुतळीनं आवळून, चित्रं भरायची असा बेत मी केला. माझ्या हातून पार पडलेला हा आयुष्यातला एकमेव बेत. पेंटर स्वतः एकेक चित्र आणून देत होते, अगदी शहाण्यासारखे. आई सकाळीच बघून आली होती. 'आज हाय.'

सगळ्यात शेवटी आईचं चित्र निघालं. मी खालून धरलं, रफीकभाई टेम्पोत वर उभे राहून ओढून घेताहेत, तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांबा. खाली घ्या."

हातात ब्रश.

"डोळ्याखाली जरा. एकच हात मारतो."

"पेंटरसाब," रफीकभाई वरून म्हणाले, "एकच हात म्हणता म्हणता दत्तूचा मोर गेला. आता गाडी निघू द्या, घाटात ट्रॅफिक लागल."

"सोडा, मालक."

"न्हाय सोडत," मी म्हणालो, आणि माझं मलाच नवल वाटलं. "आवं, मॅडमनी काय सांगितलंय? ह्ये गेलं न्हाय तर परत कोण इचारायचं न्हाय तुमाला."

"नको विचारू दे. मी त्यांना अशा पाठवणार नाही. खोटं आहे ते. डोळ्याखाली खोटं आहे!"

त्यांनी एका बाजूनं चौकट धरली. मी दुसऱ्या. रफीकभाईंनी वरून. मधल्या मधे आईचं चित्र कधी वर, कधी खाली. ते एकदा खाली आलं की शेडमध्ये जाणार, शेडमध्ये गेलं की डोळ्याखालचा एक हात पूर्ण तोंडावरून फिरणार, आणि एक चित्र राहिलं की ते बाकीची पण उतरवून घेणार, हे आम्हां तिघांनाही माहीत होतं. बहुधा पेंटरांना सगळ्यात जास्त माहीत होतं.

तेवढ्यात घरातून आई आली. हातात ताट.

आमच्या घरची रीत अशी, की टोमॅटोच्या पहिल्या तोड्याचं पहिलं कॅरेट हळदीकुंकू लावल्याशिवाय गाडीत चढत नाही. आईच्या लेखी रफीकभाईंचा टेम्पो दारात उभा आहे, घरचा माल बाहेर चाललाय, एवढं पुरे होतं. पुढं मी तिला पुष्कळदा विचारलं, "तू मुद्दाम केलंस का गं?" ती दरवेळी शपथेवर नाही म्हणाली, आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. आमचं भांडण तिला नेहमीचंच वाटलं असावं. ती आम्हांला वळसा घालून गेली, टेम्पोच्या तोंडाला हळदीकुंकू लावलं, रफीकभाईंनी सवयीनं मान झुकवली, आणि मग ती फळीवर पाय देऊन वर चढली. एकेका चित्राच्या खालच्या कोपऱ्यात चिमूट हळद, चिमूट कुंकू, आणि वरून अंगठा दाबून. कॅरेटाच्या प्लॅस्टिकला ते चिकटत नाही, घाट लागायच्या आत उडून जातं, म्हणून ती जरा जोरातच दाबते. शेवटी खाली उतरून तिनं आमच्या तिघांच्या हातांत अडकलेल्या स्वतःच्या चित्राला, स्वतःच्याच पायाशी, हळदीकुंकू लावलं. हात जोडले. "नीट जा गं बया," ती स्वतःला म्हणाली.

मग तिनं अंगठा पाहिला. अंगठ्याला हिरवा, निळा, तपकिरी.

"आगं बया! वलं व्हतं व्हय ह्ये?"

रफीकभाईंनी जीभ चावली. आई घाबरी होऊन पदरानं पुसायला गेली तसे पेंटर ओरडले, "मावशी, नका!"

ते खाली वाकले. ओल्या रंगात हळद मुरली होती, कुंकू त्यात जाऊन बसलं होतं, आणि दोन्हीवर अंगठ्याच्या रेघा उमटल्या होत्या. ब्रश हातात होताच. दोन बोटांएवढा तो डाग, एका फटक्यात झाकता आला असता. दत्तूचा आख्खा मोर ज्यानं झाकला त्याला हे काय अवघड. ब्रश डागापर्यंत गेला. ब्रश तिथंच थांबला, जवळ जाईना आणि मागं येईना. मग पेंटर उभे राहिले, तो ब्रश रंगासकट कानावर खोचला, त्यांचे पांढरे केस निळे झाले.

"जाऊ द्या," ते म्हणाले.

हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ते वळले आणि उसाच्या कडेनं चालायला लागले. भर दिवसा, डबा न वाजवता.

"निघू का मंग?" रफीकभाई म्हणाले. "का अजून कोनाला काय लावायचं हाय?"

प्रदर्शनाला मी आईला घेऊन एसटीनं मुंबईला गेलो. गॅलरी म्हणजे पांढऱ्याशुभ्र भिंती आणि फरशी अशी की आईनं दारातच चपला काढल्या. थोड्या वेळानं बघतो तर तिच्या चपलांशेजारी आणखी दोघांचे बूट. मॅडमनी चित्रं आल्या आल्या ते डाग कापसानं काढायला घेतले होते म्हणे. पेंटरांनी त्यांचा हात धरला. चष्मेवाले एक गृहस्थ वही काढून मला विचारायला लागले, प्रत्येक चित्रावर ही हळद आहे, यामागं काय विचार आहे? मी म्हणालो, "गाडी नीट पोचावी म्हणून." त्यांनी लिहून घेतलं.

आई तिच्या चित्रापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "एवढी मोठी कशाला काढायची? घरात मावायची न्हाय." ते चित्र एका पुण्याच्या जोडप्यानं घेतलं. हे कळल्यावर आई अस्वस्थ झाली. मला कोण घेऊन चाललंय ते दाखवा म्हणाली. मॅडमनी त्या दोघांना आणलं. आईनं बाईचा हात धरला आणि विचारलं, घरात किती माणसं, भिंतीला ओल येते का. मग म्हणाली, "आतल्या खोलीत नका टांगू. माणसांचा राबता असंल तितं लावा. मला एकटीला बसवू नका." ती बाई रडवेली होऊन हो म्हणाली.

बाहेर पायरीवर पेंटर फेऱ्या मारत होते. मी विचारलं, "त्या दिवशी का नाही पुसलं?"

"माझं असतं तर पुसलं असतं, मालक," ते म्हणाले, आणि पान खायला निघून गेले.

तुम्हांला वाटेल, यानंतर गडी सुधारला. कसला सुधारतोय! परत आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते शेडला आतून कडी बसवायचं. "मावशी, या, बसा, काय वाटेल ते करा. ताट घेऊन आत यायचं नाही." आईला ते लागलं. महिनाभर त्यांच्या भाकरीवर चटणी गेली नाही. पुढच्या वर्षांत त्यांची आणखी प्रदर्शनं झाली. काही खरंच झाली, काही ऐन वेळी बारगळली, आणि जी झाली ती मी, दत्तू, रफीकभाई अशा तिघांनी चित्रं अक्षरशः ओढून नेली म्हणून. ओढून नेलेल्या चित्रांशी ते पुढं वर्षभर बोलायचे नाहीत. आई कडेला उभी राहून बघायची. ताट काही आणायची नाही. तिचाही मान होता.

दोन हजार साल उलटून गेल्यावर, घरोघर मोबाईल आल्यावरची गोष्ट. लोणीत पेंटरांची आई गेली. ते दहावं-तेरावं करून आले आणि त्यांनी एकच चित्र धरलं. लोणीच्या घराचं दार आणि दारात कोणीतरी. कधी ते कोणी उंबऱ्यात असे, कधी आत अंधारात, कधी नुसतंच दार. मॅडमच्या गॅलरीला बरीच वर्षं झाली म्हणून मोठं प्रदर्शन होतं आणि त्यांना हेच चित्र हवं होतं. रोज माझ्या मोबाईलवर फोन. "झालं का? या वेळी तरी?"

आणि एका सकाळी, रफीकभाईंच्या गाडीची वेळ व्हायच्या आत, पेंटर स्वतः ते चित्र उचलून आमच्या अंगणात आले. चित्र ओट्याला टेकवलं. स्वतः त्याच्या शेजारी उभे राहिले, दोन्ही पायांवर, न हलता. मी त्यांना इतकं स्थिर कधी पाहिलं नव्हतं, आणि ते मला बरं वाटलं नाही.

"मावशी," ते म्हणाले, "ताट आणता का?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी मनात म्हटलं, सुटलो. इतक्या वर्षांनी गाडी रुळावर आली. आई गुडघ्यांवर हात ठेवत आत गेली, ताट घेऊन बाहेर आली. हळदीत बोट बुडवलं. चित्राकडं बघितलं. दारातलं ते कोणी त्या दिवशी अर्धं उजेडात होतं. मग तिनं पेंटरांकडं बघितलं, चित्राकडं बघितलं त्याहून जास्त वेळ.

"झालंय का तुमचं?"

"तारीख आलीय, मावशी."

"त्ये न्हाय इचारलं."

"मला आता काही दिसत नाही त्यात. तुम्ही लावा. लावलंत की मी हात लावणार नाही."

"त्ये मला ठावं हाय," आई म्हणाली. "म्हनून तर इचारती. आईचं काढताय न्हवं? झालंय का?"

पेंटरांचा हात खिशातल्या ब्रशकडं गेला. माझ्या खिशात फोन वाजायला लागला.

आईनं बोटाची हळद पदराला पुसली. कुंकवाच्या करंड्यावर झाकण ठेवलं आणि ताट ओट्यावर ठेवून दिलं.

"न्या मागारी. मी न्हाय लावायची."

"अगं, मॅडम..." मी म्हणालो.

"मॅडमला म्हणावं, तुमी सवडीनं घ्या. हितं कोण पळून चाललंय?"

मी पेंटरांकडं बघितलं. मला वाटलं, आता मोडतील. तर त्यांचा चेहरा शाळा सुटलेल्या पोरासारखा. एका गालाची दाढी तशीच. त्यांनी ते भलंमोठं चित्र उचललं आणि वळले. वारं सुटलं होतं, कापडात वारं भरलं आणि ते चित्रासकट दोन पावलं मागं आले.

"बघत काय उभा ऱ्हायलास?" आई माझ्यावर ओरडली. "धर की एका अंगानं!"

मी धावत जाऊन दुसरी बाजू धरली. पेंटर पुढं, मी मागं, मधे लोणीचं ते दार. बांधावरून ते इतके झपाझप चालत होते की मला पावलं जुळवता येईनात. मी म्हणत होतो, "आवं, हळू, पडंल!" आणि ते मागं न बघता म्हणत होते, "उजेड जातोय, मालक, चला, उजेड जातोय." सकाळचे आठ वाजले होते. माझा फोन वाजत होता, आणि तो घ्यायला माझा एकही हात मोकळा नव्हता.